पशूचा जीव जाणणे

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व मंडळीतील अभ्यासवर्ग यांच्यासाठी पाठ)

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३३:१२–१४; निर्गम २३:४–१२; अनुवाद २५:४ व १३–१६; नीतिसूत्रे १२:१०; लूक १३:१०–१७



सुरतेच्या नवागाम भागात आमची लहानशी मराठी मंडळी आहे. बहुतेक कुटुंबे खानदेशातून ताप्ती लाइनने उधन्यास येऊन उतरलेली. कोणी लूमवर आहे, कोणी साड्यांच्या मार्केटात, कोणाची भाजीची गाडी. गाव सुटले तरी गोठा मनातून सुटलेला नाही. सुटीत गावी गेलो म्हणजे चहाच्या आधी पाय गोठ्याकडे वळतात. आमच्यापैकी एकदोघांनी तर वस्तीच्या कडेला पत्र्याची शेड घालून म्हशी ठेवल्या आहेत व त्यांच्या रतिबाच्या दुधावर संसार चालविला आहे.

काही महिन्यांपूर्वी शब्बाथ शाळेत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पाठ चालू होता. देवाने सहाव्या दिवशी ग्रामपशू निर्माण केले व ते चांगले आहे असे पाहिले, हे आम्ही मुलांना समजावून सांगत होतो. तेव्हा आठ वर्षांची एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "सर, देवाने म्हैस चांगली केली, मग आमच्या म्हशीला रोज सुई का टोचतात?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही प्रार्थना करून वर्ग सोडला. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. हा पाठ त्या प्रश्नातून निघाला आहे.

१. 'जाणणे' म्हणजे काय?

नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो, अशा अर्थाचे वचन आहे. मूळ हिब्रू भाषेत तेथे जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ 'जाणणे' असा होतो. नीतिमान मनुष्य आपल्या पशूचा जीव जाणतो. हेच क्रियापद व जिवासाठी हाच शब्द निर्गम २३:९ मध्येही एकत्र आले आहेत. तेथे देव इस्राएल लोकांना सांगतो की परक्यावर जुलूम करू नका, कारण परक्याचा जीव कसा असतो हे तुम्ही जाणता. तुम्हीही मिसर देशात परके होता.

नवागामच्या मंडळीला हे वचन फार समजावून सांगावे लागत नाही. परक्या गावी भाड्याची खोली मिळवताना, ओळख नसताना, भाषा येत नसताना जिवाची काय अवस्था होते हे आम्ही जाणतो. पुस्तकातून नव्हे, सोसून जाणतो. देव म्हणतो की परक्याविषयी असे जाणा, आणि शलमोनाचे नीतिसूत्र सांगते की दावणीच्या मुक्या जनावराविषयीही असेच जाणा.

त्याच नीतिसूत्राचा दुसरा भाग कठोर आहे. दुर्जनाची दयादेखील निष्ठुर असते, असा त्याचा भावार्थ आहे. दया निष्ठुर कशी असेल, असे आम्हाला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

२. न जाणता केलेली दया

आमच्या लहानपणी, १९९० नंतरच्या दशकात, गावी आमच्या घरी एक बैल होता. पेरणीच्या दिवसांत त्याचा गुडघा सुजला. तो लंगडू लागला. आमच्या वडिलांचे त्या बैलावर पोटच्या मुलासारखे प्रेम होते. त्यांनी गावात औषधे देत फिरणाऱ्या एकाला बोलाविले. त्याने दुखणे थांबविण्याचे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी बैल नीट चालू लागला. घरात आनंद झाला आणि आम्ही त्याला पुन्हा पाभरीला जुंपले. संध्याकाळी तो पुन्हा लंगडला, पुन्हा सुई दिली, पुन्हा जुंपला. असे पाच-सहा दिवस गेले. मग तो बसला तो उठलाच नाही. आदल्या रात्रीही त्याला सुई दिली होती.

त्याच्या दुखण्यातून देव आम्हाला 'याला विसावा द्या' असे सांगत होता. आम्ही दुखणे गप्प केले व काम चालू ठेवले. ती आमची दया होती, आणि ती निष्ठुर होती.

बैल गावाबाहेर ओढून नेला. त्या काळी अशा ठिकाणी गिधाडे उतरत. पुढे काही वर्षांत ती दिसेनाशी झाली. गावात कोणी म्हणे साथ आली, कोणी म्हणे झाडे तोडली म्हणून गेली. खरे कारण २००४ साली उघड झाले. पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मेलेली गिधाडे तपासली, तेव्हा गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मृत्यूस कारण असल्याचे आढळले. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभर मृत गुरांत एकाहूनही कमी गुरात हे औषध असले तरी गिधाडांचा नाश होण्यास ते पुरेसे होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली.

गिधाडे गेल्यावर मेलेली ढोरे कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासले. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात दरवर्षी सुमारे १ लाख अधिक माणसे दगावली. भारत सरकारने २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांवरही बंधन आले. २०२३ साली किटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक ही औषधेही गुरांसाठी बंद झाली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे व पशुवैद्य ते देतात.

ज्या लाखो शेतकऱ्यांनी ती सुई दिली ते दुष्ट नव्हते. आमचे वडीलही दुष्ट नव्हते. त्यांना आपल्या जनावराचे दुखणे पाहवत नव्हते. परंतु जनावराला दिलेले औषध जनावरापाशी थांबत नाही, हे त्यांनी जाणले नव्हते.

३. सुई आणि पान्हा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो. तिचे वडील आमच्याच मंडळीतले. त्यांनी काही लपविले नाही. ते म्हणाले, "भाऊ, दोन म्हशींची पारडी मेली. त्या पान्हा सोडत नाहीत. सुई दिली की दोन मिनिटांत सोडतात. दूध आले नाही तर रतीब कसा पुरवू, आणि म्हशींचा हप्ता कोठून भरू?"

वाचकहो, या प्रश्नाला तोंडावर वचन फेकून उत्तर देता येत नाही. म्हणून आधी पान्हा कसा येतो ते पाहू.

पारडू कासेला ढुशा देते किंवा ओळखीचा हात कास धुतो, तेव्हा म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. ते कासेतील दूध सडांकडे लोटते. त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो. याउलट जनावर भ्याले, त्याला मारले, ओरडून हाकलले किंवा अनोळखी माणूस जवळ आला, तर भीतीचे द्रव्य रक्तात येते व पान्हा अडतो. म्हणजे देवाने पान्ह्याची किल्ली जनावराच्या मनःशांतीत ठेवली आहे. सुई देणारा ती किल्ली फोडून दार उघडतो. रोज फोडल्यावर म्हैस सुईशिवाय दूध देईनाशी होते, आणि सकाळ-संध्याकाळ ती वेदना तिच्या नशिबी येते.

हेच औषध बाळंतपणातील रक्तस्राव थांबवून हजारो मातांचे प्राण वाचविते. २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कारखान्यांना ते बनविण्यास मनाई केली होती. परंतु मातांना औषध मिळणार नाही या कारणाने दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती मनाई रद्द केली. तेव्हा औषध वाईट नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, नावाचा कागदही नसलेल्या बाटलीतून, रोज, दुधाच्या लोभाने ते टोचणे वाईट आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाने फुका किंवा जनावराला अपाय करणारे इंजेक्शन देऊन दूध वाढविणे हा गुन्हा ठरविला आहे.

अशा दुधाने माणसाला काय होते, असे लोक प्रथम विचारतात. ऑक्सिटोसिन पोटात गेले की इतर प्रथिनांप्रमाणे बहुतांशी पचून जाते. म्हणून त्या दुधाची जी भीती घातली जाते ती पुष्कळदा अतिशयोक्तीची असते. पण आम्ही आपणांस विचारतो, आम्हाला अपाय होत नाही एवढ्याने प्रश्न संपला काय? अनुवाद २५:४ मध्ये मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नका अशी आज्ञा आहे. त्याचे तोंड बांधल्याने भाकरी खाणाऱ्याला काही अपाय होणार नव्हता. तरी देवाने बैलासाठी ती आज्ञा दिली.

तिच्या वडिलांना आम्ही सरकारी पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी सांगितले ते साधे होते. कोमट पाण्याने कास धुवून हलक्या हाताने चोळावी. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने दूध काढावे. त्या वेळी पुढ्यात ढेप ठेवावी. शेडमध्ये आरडाओरडा, काठी व कुत्री नकोत. म्हशीला पान्हा सोडण्यास गाईपेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून घाई करू नये. आणि पुढच्या वेताला पारडे जगवावे, कारण पारडे उपाशी ठेवून मारणे ही या सगळ्या दुःखाची सुरुवात असते.

येथे आम्ही खरे तेच लिहितो. एक म्हैस दहा-बारा दिवसांत सुईशिवाय पान्हवू लागली. दुसरी त्या वेतात पूर्वीइतके दूध देईना. तोटा झाला, दोन घरांचा रतीब सुटला. मंडळीतल्या काहींनी त्या महिन्याचा हप्ता भरण्यास हातभार लावला. आज्ञा पाळण्याचे मोल एकट्या गरिबाने का द्यावे? मंडळी कशासाठी आहे?

४. खरे माप

मळणीच्या बैलाच्या आज्ञेनंतर त्याच अध्यायात, १३ ते १६ ओव्यांत, खोटी वजने व खोटी मापे यांचा निषेध आहे. दुधात पाणी घालणे हे खोटे माप, हे सर्वांना कळते. पण औषध असलेले दूध औषध नसल्यासारखे विकणे हेही खोटे माप आहे, इकडे आपले लक्ष जात नाही.

म्हशीला दगडी होते, कास सुजते, दूध फाटके येते. पशुवैद्य सडातून किंवा इंजेक्शनाने प्रतिजैविक देतात. ते औषध पुढे काही दिवस दुधात उतरत राहते. दूध उकळले म्हणून ते नाहीसे होतेच असे नाही. पेनिसिलिन न सोसणाऱ्या माणसाला त्याने त्रास होऊ शकतो. त्याहून मोठे संकट असे की थोडे थोडे औषध पोटात जात राहिले म्हणजे रोगजंतू त्याला सरावतात. मग उद्या आपले मूल तापाने फणफणले तर तेच औषध लागू पडत नाही.

भारतात २०१२ सालापासून नियम आहे की दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध दिल्यानंतर किती दिवस ते दूध वा मांस वापरू नये हे लिहिलेले असले पाहिजे. तसे ठरविलेले नसेल तेथे दूध व अंडी यांसाठी निदान ७ दिवस आणि मांसासाठी निदान २८ दिवस धरावे. २०१८ साली देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले, त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेबाहेर सापडली. आकडा लहान आहे, याबद्दल देवाचे आभार मानू. पण सुमूलसारख्या सहकारी संघात असंख्य घरांचे दूध एकत्र होते, आणि एका घरची कासंडी किती लेकरांच्या पेल्यात जाते हे कोणीच सांगू शकत नाही. २०१९ साली सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्या व गुरांना देण्यास मनाई केली, कारण इतर औषधे हरल्यावर माणसाला वाचविण्यासाठी ते राखून ठेवावयाचे आहे.

५. विसाव्याची आज्ञा

निर्गम २३:१२ मध्ये बैल व गाढव यांना विसावा मिळावा हे शब्बाथाचे एक कारण म्हणून दिले आहे. याकोबाने एसावाला सांगितले की दुभती व लहान जनावरे एक दिवस जरी फार हाकली तरी कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो. हा मेंढपाळ आपल्या पशूंचा जीव जाणत होता. आपला प्रभू येशू याने लूक १३:१५ मध्ये शब्बाथ दिवशी बैल सोडून पाण्यावर नेणे ही सर्वांना मान्य असलेली गोष्ट धरली व तिच्या आधारे अठरा वर्षे बांधलेल्या स्त्रीच्या सुटकेचा अर्थ सांगितला. दावणीचे दावे सोडणारा हात त्याला ठाऊक होता.

आपल्या देशाचा कायदाही येथे शास्त्राशी मिळतो. १९६५ च्या नियमांप्रमाणे ओझ्याच्या जनावराला दिवसात ९ तासांहून अधिक, व न थांबता सलग ५ तासांहून अधिक कामास लावू नये. जेथे उष्मा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी १२ ते ३ जुंपू नये. आर लावलेली पराणी वापरू नये. खानदेशच्या उन्हात हा नियम किती पाळला जातो, हे ज्याचे त्याने सांगावे.

दयेच्या बाबतीत आपले शेजारी पुष्कळदा आपल्यापुढे आहेत, हेही नम्रपणे कबूल करू. १६८९ साली इंग्लंडहून निघून सुरतेच्या इंग्रज वखारीत आलेले पाळक जॉन ओव्हिंग्टन यांनी १६९६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या शहरातील आजारी व म्हाताऱ्या जनावरांच्या रुग्णालयाची नोंद केली आहे. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १८२४ साली, आर्थर ब्रूम या पाळकांच्या पुढाकाराने लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता थांबविणारी संस्था निघाली. तिच्या कर्जापायी त्यांना तुरुंगातही जावे लागले. आपण मांस खातो, शास्त्र त्यास मनाई करीत नाही. पण जे जनावर आपल्या ताटात येते त्याचेही हाल करण्याची परवानगी शास्त्र कोठेच देत नाही.

६. आपण काय करावे?

(१) जनावर आजारी पडले की पशुवैद्यांना दाखवावे. गुजरातेत व महाराष्ट्रात १९६२ या क्रमांकावर फोन केला असता फिरता पशुदवाखाना मिळू शकतो. ऐकीव माहितीवर मेडिकलमधून औषध आणू नये. माणसांच्या उरलेल्या गोळ्या गुरांना घालू नयेत.

(२) सांगितलेली मात्रा सांगितले तितके दिवस द्यावी. बरे वाटले म्हणून मधेच थांबवू नये.

(३) एक वही ठेवावी. कोणते जनावर, कोणते औषध, कोणती तारीख, दूध कधीपासून चालेल, एवढे लिहावे. शाळेत जाणारे मूल हे काम आनंदाने करते.

(४) सुई स्वच्छ व प्रत्येक जनावरासाठी निराळी असावी. रिकाम्या बाटल्या व सुया उकिरड्यावर टाकू नयेत.

(५) वेदनाशामक दिले तर विसावाही द्यावा. औषध देऊन लगेच जुंपू नये.

(६) औषध चालू असताना जनावर दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

(७) रतीब घेणाऱ्यांनी, 'आज दूध देता येत नाही, म्हशीला औषध चालू आहे' असे सांगणाऱ्या गवळ्यावर रागावू नये. त्याच्या खरेपणाचा मान राखावा व त्याचे गिऱ्हाईक राहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. नीतिसूत्रे १२:१० व निर्गम २३:९ शेजारी ठेवून वाचा. परक्याचा जीव व पशूचा जीव जाणणे यांत काय साम्य आहे?
२. चांगल्या हेतूने केलेल्या कोणत्या कृत्याने आपल्या हातून मुक्या जीवास त्रास झाला आहे?
३. प्रामाणिकपणामुळे मंडळीतील एखाद्या कुटुंबाचा तोटा झाला तर मंडळीचे कर्तव्य काय?
४. शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसल्यास मदत करावी, असे निर्गम २३:५ सांगते. या आज्ञेत गाढवाचे हित आहे की शत्रूचे, की दोघांचे?

शिक्षकांना सूचना

लहान वर्गात आकडे व कायदे सांगू नयेत. मुलांना एखाद्या गोठ्यात न्यावे, जनावराच्या डोळ्यांकडे व कानांकडे पाहण्यास सांगावे, व ते भ्याले आहे की शांत आहे हे त्यांना ओळखू द्यावे. जाणण्याचा पहिला धडा तेथेच मिळतो.

त्या मुलीने मागच्या महिन्यात आम्हाला सांगितले, "सर, आता आमच्या म्हशीला मीच ढेप ठेवते. ती माझा आवाज ओळखते." आम्ही तिला शाबासकी दिली. तिच्या प्रश्नाने आम्हाला जे शिकविले ते आपणां सर्वांना शिकता यावे, आणि ज्याने पाखरांनाही विसरले नाही त्या पित्याने आपल्याला आपल्या दावणीचा जीव जाणण्याची बुद्धी द्यावी, ही आमची प्रार्थना.